डोंगराची दारे

कोकणातून देशावर यायचे, तर वाटेत सह्याद्री आडवा येतो. जणू एक उंच भिंतच. ही भिंत वाटेल तिथे चढता येत नाही. मग माणसे येतात कुठून? जिथे भिंत जरा बसकी आहे, दोन शिखरांच्या मधे खाच पडली आहे, तिथून. अशा खाचेला आपण खिंड म्हणतो. पायी जाणारा असो, बैलगाडी असो की मोटार असो, वाट तीच.

म्हणून खिंड म्हणजे डोंगराचे दार. घराला दार एकच असले, तर दारात उभा राहिलेला एक माणूस दहाजणांना अडवू शकतो. खिंडीचेही तसेच आहे. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे मूठभर मावळे घेऊन घोडखिंडीत उभे राहिले. मागून येणारी मोठी फौज त्यांनी रोखून धरली. त्या खिंडीला आपण आज पावनखिंड म्हणतो. तेव्हापासून एखाद्याने एकट्याने संकट अडवून धरले, की ‘त्याने खिंड लढवली’ असे आपण म्हणतो.

आता आपण आपल्या देशाच्या अगदी उत्तरेला जाऊ. तिथल्या खिंडी सह्याद्रीच्या खिंडींपेक्षा कितीतरी उंच आहेत. त्यांच्यासाठी लढाया झाल्या. आजही तिथे जवान पहाऱ्यावर आहेत. या खिंडी कुठे आहेत, त्यांचे एवढे महत्त्व का, आणि त्या राखायला काय लागते, ते पाहू.

वाद कशाचा?

भारताचा नकाशा समोर धरा. अगदी वर, माथ्याशी, जम्मू-काश्मीर आणि लडाख हे प्रदेश आहेत. पूर्वी हे सारे मिळून एक संस्थान होते. १९४७ साली इंग्रज गेले. भारत आणि पाकिस्तान असे दोन देश झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पाकिस्तानकडून हत्यारबंद टोळ्या काश्मीरमध्ये घुसल्या. तेव्हा तिथले महाराज हरिसिंग यांनी आपले संस्थान भारतात सामील केले. पाकिस्तानला ते मान्य झाले नाही. लढाई जुंपली. १ जानेवारी १९४९ पासून ती थांबली.

लढाई थांबली तेव्हा ज्याची फौज जिथे होती, तिथून एक रेघ आखली गेली. या रेघेच्या पलीकडचा मुलूख पाकिस्तानच्या ताब्यात राहिला. भारत म्हणतो, सारे संस्थान कायद्याने आमच्यात सामील झाले आहे. पाकिस्तान ते मानत नाही. लडाखच्या पूर्व बाजूला चीनशीही असाच सीमेचा वाद आहे. त्यापायी १९६२ साली युद्ध झाले. म्हणजे एका शेताला दोन बाजूंनी बांधाचा तंटा, तसे हे झाले आहे. फरक एवढाच, की इथला बांध डोंगराच्या माथ्यांवरून आणि बर्फावरून जातो.

अशा मुलखात दारे कोणाच्या हाती आहेत, याला फार महत्त्व येते. तीन ठिकाणच्या दारांची हकीकत सांगतो.

पहिले दार : झोजी ला

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता सोनमर्ग गावावरून वर चढतो आणि झोजी ला या खिंडीतून पलीकडे उतरतो. लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. म्हणून ‘झोजी ला खिंड’ म्हणणे म्हणजे ‘पावनखिंड खिंड’ म्हणण्यासारखे आहे. नुसते झोजी ला म्हटले की पुरे.

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. झोजी ला सुमारे ११,५०० फूट उंच आहे. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. आणि हे शिखर नव्हे बरे का, ही तर डोंगरातली बसकी जागा! आजूबाजूची शिखरे याहून पुष्कळ उंच आहेत.

खिंडीच्या दोन्ही बाजू अगदी वेगळ्या. अलीकडे काश्मीर हिरवेगार, देवदाराची झाडे, वाहते ओढे. पलीकडे लडाख उघडेबोडके, कोरडे. असे का? आपल्याकडे कोकणातून आलेले ढग सह्याद्रीवर अडतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव कोरडे राहते. तेच इथे घडते. हिवाळ्यात पश्चिमेकडून ढग येतात, या डोंगरांवर अडतात आणि आपला भार बर्फाच्या रूपाने टाकून मोकळे होतात. म्हणून झोजी लाच्या वाटेवर अतोनात बर्फ साठते. कित्येक पुरुष उंचीचे थर बसतात. रस्ता बुजून जातो.

याच वाटेने शेकडो वर्षे माल ये-जा करीत आला. काश्मीरच्या नामांकित पश्मिना शाली ज्या लोकरीच्या होतात, ती लोकर लडाखच्या पठारावरच्या बकऱ्यांची. ती झोजी ला ओलांडूनच श्रीनगरच्या विणकरांकडे येई. लेहहून पुढे काराकोरम खिंडीतून यारकंदपर्यंतही व्यापारी तांडे जात. ती खिंड तर १८,००० फुटांहून उंच. सीमा बंद झाल्या तसा तो व्यापारही बंद पडला.

१९४८ साली काय झाले

१९४८ साली हल्लेखोरांनी द्रास आणि कारगिल ही गावे घेतली आणि झोजी लाचे दारही अडवले. आता लेह एकटे पडले. तिथे आपले थोडेच शिपाई होते. त्यांतली एक लहानशी तुकडी मेजर पृथीचंद यांनी ऐन हिवाळ्यात, बर्फ तुडवत, झोजी ला ओलांडून नेली होती. पण तेवढ्याने काय होणार? दाणागोटा आणि कुमक पाठवायची तर वाट बंद.

तेव्हा आकाशातून वाट काढली. लेहला नदीकाठी एक धावपट्टी घाईघाईने तयार केली होती. २४ मे १९४८ रोजी हवाई दलाचे मेहरसिंग यांनी तिथे विमान उतरवले. सोबत जनरल थिमय्या होते. एवढ्या उंचीवर, धड नकाशाही नसलेल्या मुलखात विमान नेणे हे मोठे धाडस होते. त्यामुळे लेह तगले. पण विमानाने माणसे आणि माल किती येणार? दार उघडल्याशिवाय लडाख वाचणार नव्हते.

सप्टेंबरात पायदळाने झोजी लावर चढाई केली. ती फसली. शत्रू दोन्ही बाजूंच्या कड्यांवर दबा धरून बसला होता. खालून येणारा माणूस त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात आपोआप येई. खिंडीत वर बसलेल्याचे बळ किती असते, ते इथे दिसून आले.

मग थिमय्यांनी ठरवले, की रणगाडे वर न्यायचे. रणगाडा म्हणजे जाड पोलादाची, तोफ लावलेली गाडी. ऐकणाऱ्याला हे वेड वाटले असेल. खिंडीत जायला धड रस्ता नव्हता, खेचरांची पायवाट होती. रणगाड्याचे वजन चौदा-पंधरा टन. पण काम सुरू झाले. जम्मूहून रणगाडे निघाले. वाटेतले पूल भार सोसतील की नाही याची धास्ती होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रणगाड्यांचे तोफेचे डोके काढून वेगळे नेले. सुरुंग लावून, कुदळी-पहारी चालवून मद्रासच्या सॅपर जवानांनी त्या पायवाटेचा रस्ता केला.

१ नोव्हेंबर १९४८. थंडी मरणाची. बर्फ पडलेले. त्यात रणगाडे खिंडीत शिरले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल, हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याच्या गोळ्या पोलादावर आपटून खाली पडू लागल्या. त्याची फळी फुटली. दार उघडले. त्याच महिन्यात आपल्या फौजेने द्रास घेतले, कारगिल घेतले आणि लेहची वाट मोकळी झाली.

ही लढाई जवानांनी जिंकली हे खरे. पण त्यांच्या आधी दगड फोडणारे हात पुढे गेले होते. रस्ता झाला म्हणून रणगाडा गेला. हे विसरून चालणार नाही.

दार हाती, पण अंगणावर मारा

१९९९ साली याच रस्त्यावर दुसरे संकट आले. या वेळी झोजी ला आपल्याच हाती होती. पण पाकिस्तानच्या शिपायांनी हिवाळ्यात द्रास-कारगिलजवळची उंच शिखरे चोरून बळकावली. तिथून खालचा श्रीनगर-लेह रस्ता तळहातासारखा दिसतो. रस्त्यावर मोटार दिसली की वरून तोफेचा गोळा येई.

म्हणजे दार आपले, पण अंगणावर शेजारी माडीवरून दगड मारतो, अशी गत झाली. मग एकेक शिखर परत घ्यावे लागले. रात्री, उभ्या कड्यावरून, वरून गोळ्या येत असताना जवान चढले. जूनमध्ये तोलोलिंग घेतले, जुलैत टायगर हिल घेतले. २६ जुलैला ही लढाई संपली. आपले पाचशेहून जास्त जवान कामी आले. यातून एक धडा मिळाला. नुसती खिंड राखून भागत नाही, तिच्यावर नजर ठेवणारे माथेही राखावे लागतात.

दुसरे दार : हाजीपीर

काश्मीरच्या पश्चिम बाजूला उरी आणि पूंछ ही दोन गावे आहेत. दोन्ही भारताकडे. त्यांच्यामध्ये पीर पंजाल नावाचा डोंगर आहे. त्या डोंगरात हाजीपीर ही खिंड आहे. उंची सुमारे ८,६०० फूट. या खिंडीतून गेले, तर उरीहून पूंछला जायला पन्नास-साठ किलोमीटर पुरतात. पण १९४९ च्या रेघेने ही खिंड पलीकडे गेली. त्यामुळे शेजारच्या गावाला जायचे तर दूरचा वळसा पडू लागला. मधली भिंत दुसऱ्याची झाली, की घरातल्या घरात जायला गल्ली फिरून यावे लागते, तसे हे झाले.

१९६५ साली पुन्हा लढाई पेटली. काश्मीरमध्ये घुसखोर पाठवायला पाकिस्तान याच खिंडीचा उपयोग करीत होता. तेव्हा ती घ्यायचे ठरले. मेजर रणजितसिंग दयाल आपले जवान घेऊन पावसात, अंधारात, निसरड्या चढावरून निघाले. २८ ऑगस्टला सकाळी त्यांनी हाजीपीर घेतली. त्यांना महावीरचक्र मिळाले.

पुढे काय झाले? १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद शहरात भारत आणि पाकिस्तान यांचा करार झाला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी त्यावर सह्या केल्या. दोन्ही फौजांनी ५ ऑगस्ट १९६५ च्या आधीच्या जागी परत जायचे, असे ठरले. त्याप्रमाणे हाजीपीर परत गेली.

काहींना हे फार लागले. रक्त सांडून घेतलेली खिंड परत का द्यायची, असे ते विचारीत. दुसरे म्हणत, करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. आपल्यालाही आपला मुलूख परत मिळाला. हा वाद अजून ऐकू येतो. आपण एवढे ध्यानात घ्यावे, की खिंड एकदा जवान घेतात, आणि पुढे तिचे काय होते ते बोलणी करणारे ठरवतात.

तिसरी दारे : सियाचीनच्या माथ्यावर

आता सर्वांत उंच दारांकडे जाऊ. लडाखच्या उत्तर टोकाला सियाचीन नावाची हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे गोठलेल्या बर्फाची नदी. तीही उतारावरून सरकते, पण इतकी सावकाश, की डोळ्यांना दिसत नाही. सियाचीनची लांबी सुमारे ७५ किलोमीटर. खालच्या दरीत रानगुलाब फुलतात. बाल्टी भाषेत गुलाबाला ‘सिया’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले.

१९४९ साली रेघ आखली, तेव्हा आखणारे एका ठिकाणी थांबले. तिथून पुढे उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत, एवढेच लिहिले. पुढे नुसते बर्फ. गवताची काडी नाही की माणसाची वस्ती नाही. तिथे कोण भांडायला जाणार, असे वाटले असेल. पण कागदावर जिथे रेघ नसते, तिथेच पुढे तंटा उभा राहतो. शेताची मोजणी अर्धवट ठेवली, की नातवंडे कोर्टात जातात. तशातलेच हे.

पुढे दोन्ही देश ही हिमनदी आपली म्हणू लागले. तिच्या पश्चिमेला साल्तोरो नावाची डोंगराची ओळ आहे. या ओळीत बिलाफोंद ला आणि सिया ला अशा खिंडी आहेत. पाकिस्तानच्या बाजूने हिमनदीवर यायचे, तर या खिंडीतूनच यावे लागते. पाकिस्तान तिथे शिपाई धाडणार, अशी खबर भारताला लागली. १३ एप्रिल १९८४ रोजी भारताने आधीच हेलिकॉप्टरने आपले जवान बिलाफोंद लावर उतरवले. थोड्याच दिवसांत सिया लाही हाती आली. तेव्हापासून आपले जवान तिथे आहेत.

या खिंडी सुमारे १८,००० फूट उंच आहेत. कळसूबाईवर कळसूबाई, त्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी त्या उरतातच. इतक्या वर हवा विरळ असते. आपण इथे एका श्वासात जेवढी हवा घेतो, तिच्या जेमतेम निम्मी तिथे मिळते. चार पावले टाकली की धाप लागते. डोके ठणकते. कधी छातीत पाणी होते, आणि लगेच खाली नेले नाही तर माणूस दगावतो. म्हणून नव्या जवानाला एकदम वर पाठवत नाहीत. टप्प्याटप्प्याने, मुक्काम करत, अंगाला सवय लावत वर नेतात.

तिथे पाणी लवकर उकळते, पण ते पुरेसे तापलेले नसते. त्यामुळे साध्या भांड्यात डाळ शिजत नाही. बर्फ वितळवून पाणी करायचे, त्यालाही रॉकेल लागते. ते रॉकेल, पीठ, औषधे, सारे खालून आणायचे. उघड्या हाताने लोखंडाला स्पर्श केला, तर कातडी चिकटून निघते. बोटे गोठून काळी पडतात आणि तोडावी लागतात. सियाचीनमध्ये गोळीने जेवढे मेले, त्याहून जास्त माणसे थंडीने, विरळ हवेने आणि बर्फाच्या दरडींनी गेली.

आपल्याकडे पावसाळ्यात दरड कोसळते, तशी तिथे बर्फाची दरड कोसळते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी एका चौकीवर अशी दरड आली. दहा जवान तिच्याखाली सापडले. त्यांतला एक आपल्या सातारा जिल्ह्याचा होता. दहाही जण गेले. त्याआधी ७ एप्रिल २०१२ रोजी पलीकडे, गयारी इथे, पाकिस्तानच्या तळावर दरड पडून १४० माणसे गाडली गेली होती. बर्फ कोणता शिपाई कोणाचा, हे विचारत नाही.

२००३ च्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंनी तिथला गोळीबार थांबवायचे ठरले. पण पहारा उठला नाही. कारण दोघांनाही एकच धास्ती. आपण खाली उतरलो आणि दुसरा दारात येऊन बसला, तर त्याला परत उठवणार कसे? विश्वास नसला, की दार सोडता येत नाही.

दारामागची माणसे

खिंडीची गोष्ट लढायांतच संपत नाही. लढाई कधीतरी होते. हिवाळा मात्र दरवर्षी येतो.

झोजी ला बर्फाने बंद झाली, की लडाखच्या लोकांची काश्मीरकडची सडक तुटते. पूर्वी ही खिंड वर्षाचे पाच-सहा महिने बंद असे. म्हणून तिकडचा शेतकरी उन्हाळ्यातच हिवाळ्याची बेगमी करतो. बटाटे, गाजरे जमिनीत खड्डा करून ठेवतो. भाजी वाळवतो. शेण वाळवून सरपण साठवतो. आपण पावसाळ्याआधी गोवऱ्या आणि सरपण भरून ठेवतो, तसेच. पण बाई अडली, पोर तापाने फणफणले, तर काय? ते काही बेगमी करून ठेवता येत नाही. रस्ता बंद, आणि विमान उडाले तरच मोठ्या दवाखान्यात पोचायचे.

हा रस्ता उघडा ठेवण्याचे काम सीमा सडक संघटना करते. ही संघटना १९६० साली स्थापन झाली. बर्फ कापणारी यंत्रे घेऊन तिची माणसे दोन्ही बाजूंनी खिंडीकडे सरकत येतात आणि मधे भेटतात. दरडीच्या छायेत हे काम चालते. यंत्रे सुधारली, तसा रस्ता आता पुष्कळ लवकर उघडतो. २०२३ साली तो मार्चच्या मध्यालाच मोकळा झाला. या डोंगरांतल्या रस्त्यांवर खडी फोडायला झारखंडसारख्या दूरच्या मुलखातून मजूर येतात. त्यांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली दिसत नाहीत. पण त्या रस्त्याच्या हरेक वळणात त्यांचा घाम आहे.

आता डोंगर चढण्याऐवजी डोंगराच्या पोटातून जायचे काम हाती घेतले आहे. सोनमर्गजवळचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. त्यामुळे सोनमर्ग हिवाळ्यातही जोडलेले राहते. त्याच्या पुढे, खुद्द झोजी लाच्या खालून, सुमारे १३ किलोमीटरचा बोगदा खणण्याचे काम २०२० साली सुरू झाले. या बोगद्यातून वाहने धावू लागली, की बर्फ वर पडत राहील आणि गाड्या खालून जातील. फौजेचा दारूगोळा जाईल, तसे गव्हाचे पोतेही जाईल आणि अडलेली बाईही वेळेवर दवाखान्यात पोचेल.

आपण इथे, इतक्या दूर, हे कशासाठी समजून घ्यायचे? एक तर, आपल्याच गावातली पोरे फौजेत जातात. त्यांचे पत्र किंवा फोन येतो, तेव्हा ते कुठल्या डोंगरावर उभे आहेत, हे घरच्यांना कळले पाहिजे. दुसरे म्हणजे, या दारांचा खर्च साऱ्या देशाच्या खिशातून होतो. ज्याचा खर्च आपण देतो, त्याचा हिशेब आपल्याला कळला पाहिजे. आणि तिसरे असे, की सीमेचा तंटा पेपरात वाचताना डोळ्यांसमोर नुसती रेघ येऊ नये. त्या रेघेवर पहारा करणारा जवान यावा, रस्ता फोडणारा मजूर यावा, आणि दार उघडण्याची वाट पाहणारे खिंडीपलीकडचे घरही यावे.